विश्लेषण : 'हिडन' फोल्डर म्हणजे कुलूप नव्हे! घरच्या कॉम्प्युटरवर खासगी फाइल्स कशा जपाल?

घरात कॉम्प्युटर एक, वापरणारे चौघे आणि पासवर्ड सगळ्यांना पाठ. त्यातच प्राप्तिकराची कागदपत्रे, कुणाचे वैद्यकीय अहवाल, आईच्या मुदत ठेवींच्या पावत्या. 'आपल्या माणसांत काय लपवायचं?' हा प्रश्न मग हमखास येतो. पण कपाटाला स्वतंत्र खण असतोच ना? त्यावर कुणी अविश्वासाचा आरोप करत नाही.

अनेक जण फोल्डर 'हिडन' करून निर्धास्त होतात. विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू', 'शो', 'हिडन आयटम्स' एवढे केले की तो पुन्हा समोर येतो. शाळकरी मुलालाही हे ठाऊक असते. ई-आधारच्या पीडीएफचेही तेच. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. बाहेरच्याला ते शोधावे लागेल, घरच्यांना नाही.

खरी सोय म्हणजे प्रत्येकाचे वेगळे युजर अकाउंट आणि वेगळा पासवर्ड. विंडोज प्रत्येकाला 'सी' ड्राइव्हमधील 'युजर्स' फोल्डरमध्ये स्वतंत्र जागा देते. तुमचे 'डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप' तिथेच असतात आणि दुसरा 'स्टँडर्ड' युजर तिथे शिरू शकत नाही.

मात्र आपल्याकडे इथेच घोळ होतो. विंडोज उडाली तरी डेटा वाचावा म्हणून सगळे काही 'डी' ड्राइव्हमध्ये ठेवायची सवय जुनी आहे. हा ड्राइव्ह कुणा एकाचा नसतो. वेगळी सेटिंग केली नसेल, तर कॉम्प्युटरवरचा कोणताही युजर तिथल्या फाइल्स वाचू शकतो, बदलू शकतो, डिलीटही करू शकतो. अकाउंट चार केले आणि फाइल्स 'डी'मध्येच राहिल्या, तर केलेले सगळे फुकट. खासगी फाइल्स आपल्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये हलवाव्यात. डेटा वाचवायचा तर बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावा आणि ती आपल्या कपाटात ठेवावी.

दुसरी फट 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' अकाउंटची. ते ज्याच्याकडे असेल, त्याला दुसऱ्याचा फोल्डर उघडायला 'कंटिन्यू'चे बटण पुरते. बहुतेक घरांत हा मान कॉम्प्युटर लावून देणाऱ्या मुलाकडे किंवा भाच्याकडे जातो. तो कुणाकडे असावा, हे घराने ठरवायचे. आमचे मत विचाराल तर, अ‍ॅडमिनचे अकाउंट वेगळे ठेवून रोजच्या कामासाठी सगळ्यांनीच 'स्टँडर्ड' वापरावे.

कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला, की यातले काहीच पुरत नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तर लॉगिनचा पासवर्ड आडवा येत नाही. त्यावर उपाय एन्क्रिप्शनचा. विंडोज प्रोमध्ये 'बिटलॉकर' आहे, तर होममध्ये चालणाऱ्या मशीनवर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' मिळते. ते चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून कपाटात ठेवा. ऐनवेळी ती सापडली नाही, तर तुमच्या फाइल्स तुम्हालाच उघडता येणार नाहीत.

मशीन जुने असेल तर 'सेव्हन-झिप' या मोफत सॉफ्टवेअरने फोल्डर पासवर्डसह एन्क्रिप्ट करता येतो. तयार झालेली फाइल उघडते ना, ते आधी पाहा. मग मूळ फोल्डर डिलीट करा आणि रिसायकल बिनही रिकामी करा. हा शेवटचा टप्पा बरेच जण विसरतात.

वीजबिले, लग्नाचे फोटो, रेशनकार्डाची प्रत 'डी'मध्ये खुशाल सगळ्यांसाठी राहू द्या.