शिधापत्रिकेवरील नाव आणि लेकरांचे आरोग्य

अतिसाराने पीडित होऊन पडलेल्या एका भिक्षूस तथागतांनी भन्ते आनंदांसह स्वहस्ते स्नान घातले. येथे तुमचे मातापिता नाहीत, तेव्हा तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा करावी, असा उपदेश त्यांनी संघास केला. निवासी शाळेला याहून समर्पक धम्मवचन कोणते?

परंतु करुणेला व्यवस्थेची जोड हवी. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आकारास आली आणि १९४८ मध्ये राज्य कर्मचारी विमा कायदा झाला. तो कारखान्यांतील कामगारांसाठी होता. आपला शेतमजूर त्याबाहेरच राहिला. दुखणे आले की दागिना मोडणे अथवा सावकाराचे दार, हेच त्याचे विमापत्र होते.

हे चित्र पालटण्याचे साधन आज उपलब्ध आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली व नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिची कक्षा सर्व कुटुंबांपर्यंत वाढवून वार्षिक संरक्षण प्रतिकुटुंब ५ लाख रुपये केले.

तरीही हक्क कागदावर असणे आणि तो रुग्णालयाच्या दारात सिद्ध करता येणे, यांत अंतर आहे. शिधापत्रिकेत पाल्याचे नाव नसते, आधारवरील नावाशी ते जुळत नाही, आईवडील कामासाठी परमुलखात असतात आणि मूळ कागद गावच्या पेटीत. आजार मात्र थांबत नाही. शिवाय ही योजना मुख्यतः अंगीकृत रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे; नित्याच्या तापखोकल्याचा खर्च तीत येत नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रे सक्षम असावीत, ही मागणी आपण सोडता कामा नये.

आमचे मत असे की, प्रवेशाच्या वेळी आपण जातीचा दाखला जितक्या काटेकोरपणे पाहतो, तितक्याच काटेकोरपणे शिधापत्रिका व आयुष्मान कार्डही पाहावे. कागद अपुरे म्हणून प्रवेश नाकारू नये. ते पुरे करून द्यावेत. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा व वाशीम या सहाही तालुक्यांत आपले माजी विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातील पाच कुटुंबांचे कागद दुरुस्त करून दिले, तरी शाळेचे ऋण फेडल्यासारखे होईल.

बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. शिकलेल्याने न शिकलेल्याचा अर्ज भरून देणे, ही त्या संदेशाची पहिली पायरी होय.