आजीचं ‘जर्मन’

आमच्या टीममधली एकजण दोन वर्षं अमेरिकेत राहून आलीये. ती ‘अलूमिनम’ म्हणते. मग पलीकडच्या क्युबिकलमधून कुणीतरी ‘ॲल्युमिनियम, मॅडम!’ असं ओरडतं आणि लंचपर्यंत वाद चालतो.

खरं सांगू? ती चुकत नाहीये. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीनं नाव ठेवलं ते ‘अल्युमियम’. धातू अजून त्याच्या हाती लागलासुद्धा नव्हता, म्हणजे बाळाआधी बारसं! १८१२ मध्ये त्यानंच ते ‘अल्युमिनम’ केलं. सोडियम-पोटॅशियमच्या पंगतीत ते शोभेना, म्हणून ब्रिटनमधल्याच मंडळींनी त्याला ‘इयम’ची शेपटी जोडली. अमेरिकन केमिकल सोसायटीनं १९२५ मध्ये शेपटीविनाच नाव पक्कं केलं. तेव्हा अमेरिकनांनी स्पेलिंग बिघडवलं हा आपला लाडका आरोप इथे तरी टिकत नाही.

आमच्या आजीकडे मात्र यातलं एकही नाव चालत नाही. तिच्या लेखी ते ‘जर्मन’. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात. (जर्मन सिल्व्हर हा वेगळाच मिश्रधातू, त्यात ना ॲल्युमिनियम, ना चांदी.) आणि आपण पोळीचा रोल गुंडाळतो ते ‘सिल्व्हर फॉइल’. त्यातही चांदी औषधालाही नाही!

आजीच्या ‘जर्मन’मध्ये थोडं नाक मुरडणं असतं. पाहुण्यांना स्टील, आंघोळीच्या पाण्याला जर्मन. पण १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवला तो याच धातूचा तुकडा, कारण तेव्हा त्याचा भाव चांदीच्या आसपास होता. दोनच वर्षांनी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांना न कळता, विजेच्या साहाय्यानं तो स्वस्तात काढायची युक्ती शोधली. दोघंही बावीस-तेवीस वर्षांचे, आपल्या फ्रेशर्सच्या वयाचे! भाव कोसळला आणि त्याबरोबर मानही गेला. आता तोच धातू ‘प्रीमियम मेटल बॉडी’ म्हणून लॅपटॉपला लागतो आणि आपण जास्तीचे पैसे मोजतो. आजीला हे सांगितलं तर ती हसेल.

वजन स्टीलच्या जेमतेम एक तृतीयांश. गंजून झिजत नाही, कारण हवा लागताच अंगावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो. आंबट पदार्थ मात्र तो थर विरघळवतात. म्हणूनच चिंचेची आमटी किंवा ताक जर्मनमध्ये ठेवायचं नाही, हा आजीचा नियम. केमिस्ट्री न शिकता!

एक हिशोब मात्र मला खटकतो. नवा एक किलो ॲल्युमिनियम काढायला साधारण चौदा-पंधरा युनिट वीज जाते. जुना वितळवून पुन्हा वापरायला एकूण ऊर्जा लागते नव्याच्या जेमतेम पाच टक्के. आजीची चेपलेली पातेली भंगारवाला वजन करून नेतो, ती वाया जात नाहीत. आपलं डब्यातलं फॉइल मात्र रोज सरळ डस्टबिनमध्ये.

मी आता ते पुसून, चुरगाळून डेस्कच्या खणात साठवते. गोळा टेनिस बॉलएवढा झालाय. टीममध्ये त्याचं बारसंही झालंय. ‘जर्मन’च.