जूनचा खड्डा एप्रिलमध्येच दिसावा

नांदेड-लातूरकडच्या शेतकरी घरात पैसा महिन्याच्या हिशोबाने येतच नाही. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत, हरभऱ्याचा त्यानंतर, हळद असेल तर उन्हाळ्यात. उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. खर्च मात्र तारीख बघून दारात उभा राहतो. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, उचल तेव्हाच द्यावी लागते. बी-खत मृगाआधी घरात लागतं. आणि त्याच जूनच्या आसपास आता आणखी एक मोठा आकडा येऊन बसला आहे: लातूरला ‘नीट’च्या तयारीसाठी ठेवलेल्या लेकराची क्लासची फी, होस्टेलचं डिपॉझिट, मेसचे पैसे.

अशा घराची वर्षाची बेरीज केली तर ती पुष्कळदा जमेचीच निघते. बाराने भागलं तर महिन्याचा आकडाही बरा दिसतो. त्या सरासरीच्या भरवशावर राहिलेलं घर जूनमध्ये अडकतं आणि हातउसन्यासाठी दारं हिंडतं. म्हणून घरच्या नियोजनात मला एकच प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो. येत्या वर्षभरात हातातली शिल्लक कोणत्या तारखेला सगळ्यांत खाली जाणार, आणि किती खाली?

मोबाइलवरची बहुतेक खर्चाची ॲप्स हा प्रश्न विचारत नाहीत. किराणा इतका, पेट्रोल इतकं, दवाखाना इतका, असा झालेल्या खर्चाचा हिशोब ती मांडतात. न्यूझीलंडच्या पॉकेटस्मिथसारखं सॉफ्टवेअर कॅलेंडरवर पुढची येणी-देणी टाकायला सांगतं आणि पुढच्या एकेका दिवसाची अंदाजे शिल्लक दाखवतं. आपल्याला हवं ते नेमकं हेच. पण आपला अर्धा व्यवहार आडत्याच्या पट्टीवर आणि कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत असतो, तो बँकेच्या खात्यात उमटत नाही. त्यापेक्षा फोनमधली फुकटची गूगल शीट बरी. तारीख, कशाचे, येणे, जाणे, शिल्लक एवढे पाच रकाने पुरतात.

लोह्याजवळ माझा मावसभाऊ राहतो. सहा एकर जमीन, मुलगी लातूरला क्लासला. शीट वहिनी सांभाळतात. पीककर्जाचं नवंजुनं, म्हणजे जुनं भरून नवं उचलणं, झाल्यावर त्यांच्या हाती ७२,००० रुपये होते, पहिली ओळ तीच. एप्रिलमध्ये क्लासचा हप्ता ४०,०००, उरले ३२,०००. मेमध्ये भाच्याच्या लग्नाचा आहेर ११,०००, उरले २१,०००. जूनच्या पहिल्या आठवड्यात बी-खत ३८,०००, आणि शिल्लक उणे १७,०००. पंधरा जूनला होस्टेलचे १२,०००. तिथे उणे २९,००० चा लाल चौकोन.

हा चौकोन एप्रिलमध्येच दिसला, म्हणून काही करता आलं. वहिनी क्लासच्या ऑफिसात जाऊन सरळ बोलल्या, “सर, निम्मे आता घ्या, निम्मे सोयाबीन झाल्यावर देते.” वीस हजार पुढे गेले. घरातली तीन क्विंटल तूर मेमध्ये, दर बघून, निवांत विकली. तीच तूर पेरणीच्या आदल्या दिवशी विकायला काढली असती तर मिळेल त्या दरात द्यावी लागली असती.

पुढचे आकडे लिहिताना हात आखडताच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. नवा माल आल्यावर दर निम्म्याजवळ उतरला. दहा हजारांवर दिवाळीचे बेत केलेल्या घरांचं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण सुगीत सौदे त्याच्या खालीच झाले. शीटमध्ये हमीभाव तेव्हाच लिहावा, जेव्हा खरेदी केंद्रावर आपला नंबर लागलेला असेल. उसाचंही तसंच. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यावी असा नियम आहे, पण आपण लिहायची ती तारीख गेल्या हंगामात बिल प्रत्यक्ष जमा झालं त्या दिवसाची. पीकविमा, अनुदान, कर्जमाफी यांची ओळ वेगळ्या रंगात ठेवावी आणि शिल्लकीत धरू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पुराचं पाणी गावांत शिरलं, माणसं गेली, उभी पिकं गेली. म्हणून सोयाबीन निम्मंच झालं असं धरून केलेली दुसरी शीटही हवी. ती भरताना जीवावर येतं, तरी भरावी.

मार्चची ओळ तर विसरूच नये. पीककर्ज मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज पडत नाही. पण नव्याजुन्यासाठी पैसे आधी भरावे लागतात आणि नवं कर्ज हातात यायला दिवस जातात. तेवढ्या दिवसांसाठी सावकाराकडून रक्कम उचलली, तर वाचलेलं व्याज तिथेच जातं. ती रक्कम हरभऱ्याच्या पैशातून बाजूला ठेवायची, हे जानेवारीत ठरलेलं असावं.

ऑक्टोबरच्या विक्रीबद्दल मला सगळ्यांत जास्त पोटतिडकीने सांगायचं आहे. दिवाळी, रब्बीची पेरणी आणि उधारीवाले एकदम येतात म्हणून सगळी रास एका दिवसात मोंढ्यावर जाते. शीट भरलेली असेल तर खरी गरज किती, हे सप्टेंबरमध्ये कळतं. समजा लाखाचा माल आहे आणि दिवाळीपर्यंत साठ हजार लागणार आहेत. तेवढ्यासाठी माल विकायलाच हवा असं नाही. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी. दर वाढेलच याची हमी कोणी देत नाही, पण कधी विकायचं ते आपल्या हाती राहतं. आपल्या समितीत ही योजना चालू आहे का, गोदामात जागा आहे का, ही चौकशी रास होण्याआधी करावी लागते. वहिनींनी त्यासाठी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक ओळ घातली आहे. तिच्यापुढे रक्कम नाही, ‘समितीत विचारणे’ एवढंच लिहिलेलं आहे.