लेणी आपली, तिजोरी कुणाची?

लेण्यांचा विषय निघाला की आपल्या चळवळीत दोन मागण्या हमखास पुढे येतात. एक नावाची : 'पांडवलेणी' नव्हे, त्रिरश्मी बुद्धलेणी म्हणा. दुसरी अतिक्रमणाची : आमच्या वारशावर दुसऱ्यांची देवळे नकोत. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि त्या सोडायचे कारण नाही. पण तिसरा प्रश्न आपण विचारतच नाही. लेणी पाहायला आलेल्या माणसाच्या खिशातून निघालेला रुपया शेवटी कुठे जातो?

अजिंठा घ्या. १९८३ पासून जागतिक वारसा. लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, म्हणून प्रवेश तिकिटाचे पैसे दिल्लीला. फर्दापूरच्या फाट्यावर खाजगी गाडी सोडून बसने पुढे जायचे, त्या भाड्याचे पैसे एसटी महामंडळाला. हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी केंद्र आणि राज्यात वाटला जातो. हॉटेलचा नफा मालकाला, आणि मालक गावातलाच असेल असे नाही. मग गावाला काय उरते? कचरा, सांडपाणी, रस्त्यावरची गर्दी आणि उन्हाळ्यातली पाण्याची ओढ. ज्या ग्रामपंचायतीने हे सगळे निस्तरायचे, तिला तिकिटातला ठरलेला वाटा नाही.

हा नुसता हिशेबाचा घोळ नाही, हा सत्तेचा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी तरुणपणी नेमका याच प्रश्नावर ग्रंथ लिहिला. 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती' हा तो ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. साम्राज्य सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी १८३३ पासून कशी बदलत गेली, याचा तो काटेकोर अभ्यास आहे. खर्चाची जबाबदारी खाली आणि पैशाच्या चाव्या वर, अशी व्यवस्था असली की कारभार कसा अडतो, हे तो वाचताना लक्षात येते. तेव्हा जिथे प्रांत उभे होते, तिथे आज ग्रामपंचायत आणि नगरपालिका उभ्या आहेत. जकात गेली, जीएसटी आला, आणि महापालिका राज्याच्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसल्या. त्यात २०२२ नंतर राज्यातल्या अनेक महापालिकांत वर्षानुवर्षे नगरसेवकच नव्हते. अंदाजपत्रक प्रशासकाने मांडायचे आणि प्रशासकानेच मंजूर करायचे. आमच्या वस्तीचा आवाज कुठून पोहोचणार?

इथे कुणीतरी म्हणेल, गावाच्या हाती पैसा देऊ नका, बाबासाहेबांनीच गावावर विश्वास ठेवला नव्हता. बरोबर आहे. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला त्यांनी विरोध केला, आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी सुनावले. पण १९३२ चा आक्षेप काय होता ते नीट पाहा. दलितांच्या प्रतिनिधित्वाची हमी नसेल, तर पंचायत म्हणजे जातदांडग्यांच्या हातात दिलेली काठी. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना राखीव जागांची हमी मिळाली. आज आपला माणूस सरपंचाच्या खुर्चीवर बसतो. मात्र खुर्ची मिळाली आणि तिजोरी रिकामी, तर तो सरपंच वरच्या अनुदानासाठी आमदाराच्या दारात उभा राहतो. प्रतिनिधित्वाची लढाई अर्धी जिंकली, उरलेली अर्धी पैशाची आहे.

कागदावरचा अधिकार किती तकलादू असतो हे महाडने शिकवले आहे. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव जानेवारी १९२४ चा. तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. हक्क बजावला की हल्ला होतो, आणि हल्ल्यामागून बहिष्कार येतो : काम बंद, दुकान बंद, उधारी बंद. म्हणून स्वतःचा रोजगार हातात असणे हा आपल्यासाठी स्वाभिमानाचा प्रश्न आहे. लेण्यांच्या पायथ्याची टपरी, पुस्तकांचा गाळा, मार्गदर्शकाचे काम, राहण्या-जेवणाची सोय या गोष्टी 'छोट्या' वाटत असतील, तर महाड पुन्हा वाचा.

आता 'शाश्वत पर्यटन' या सरकारी शब्दाकडे येऊ. दोन झाडे लावली आणि फलक रंगवला की पर्यटन शाश्वत होत नाही. खरा अर्थ पाहायचा तर त्रिरश्मीच्या दहाव्या लेण्यात जा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा तिथे शिलालेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. पैसे ठेवले गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे : २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० वर वर्षाला २४० येतात, त्यातून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. आणि हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून नोंदवला गेला.

उषवदात काही क्रांतिकारक नव्हता, त्याने ब्राह्मणांनाही भरपूर दाने दिली. पण व्यवस्था पाहा. भांडवल कष्टकरी विणकरांकडे, लाभ संघाला, हिशेब नगरसभेसमोर, आणि मुद्दलाला हात नाही. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचे हे शाश्वत अर्थकारण दगडात कोरलेले आहे. आज उलटे चालले आहे. डोंगर, पाणी आणि अजिंठ्याची रंगचित्रे हे मुद्दल. गर्दीच्या श्वासाने आणि दमटपणाने चित्रे झिजतात. मुद्दल आपण सगळे मिळून खातो आणि व्याज भलतेच लोक नेतात.

मग करायचे काय? सुरुवात कायद्यात आधीच असलेल्या गोष्टींपासून करू. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. पुढच्या ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा, नाही दिला तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नुसार बाजार फी आणि यात्रेकरू कर बसवता येतो. आपल्या पंचायतीने तो बसवला आहे का, आणि पैसा स्वच्छतेवर जातो का, ते तपासा. शहरात २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यातही अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व हवे. आपल्यातले किती विक्रेते त्या निवडणुकीला उभे राहिले?

आणि जे कायद्यात नाही, ते मागा. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यात बाजार आणि जत्रा आहेत, सांस्कृतिक कार्य आहे, पण पर्यटन नाही. संरक्षित स्मारकाच्या तिकिटातला ठरावीक वाटा स्थानिक संस्थेला कायद्याने मिळाला पाहिजे. त्या परिसरातल्या गाळ्यांत भूमिहीन आणि मागासवर्गीय कुटुंबांना, महिला बचत गटांना राखीव जागा पाहिजेत. दिवसाला किती माणसे लेण्यांत सोडायची, हे ठरवताना गावालाही विचारले पाहिजे.

काही कार्यकर्ते म्हणतील, लेणी प्रेरणास्थाने आहेत, तिथे बाजार कशाला? बाजार तर केव्हाच आला आहे. आपण फक्त गिऱ्हाईक म्हणून त्यात आहोत. लेण्यांना भेट द्यायला जरूर जा, वंदना घ्या, फोटो काढा. पण उतरताना पायथ्याच्या ग्रामपंचायतीत डोकवा आणि अंदाजपत्रकाची प्रत मागा. धम्मलिपी शिकणाऱ्या आपल्या तरुणांना ताळेबंदही वाचता आला पाहिजे.

जय भीम!