डार्ट लागलेल्या वाघाभोवती गर्दी नको

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल, वडसा आणि आरमोरी भागातील गावकरी बंधू-भगिनींनो,

ज्या घरचे माणूस मोहफुले वेचायला गेले आणि परतलेच नाही, त्या घराला संयम शिकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. गावाचा संताप खरा आहे. तरीही वाघाला जेरबंद करायला पथक येते, तेवढ्या वेळापुरते एक पशुवैद्यक म्हणून मी हात जोडून मागतो: गर्दी करू नका, आरडाओरड करू नका.

याचे कारण औषधात आहे. वाघाला बेशुद्ध करणाऱ्या सुईत, म्हणजे डार्टमध्ये, बहुधा झायलाझिन आणि किटामीन यांचे मिश्रण भरतात. झायलाझिन १९६२ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीने तयार केले. माणसाचा रक्तदाब उतरवण्यासाठी ते तपासले गेले, पण रक्तदाब फारच खाली जाऊ लागल्याने ते जनावरांपुरतेच राहिले. मेंदूतील अल्फा-२ ॲड्रिनर्जिक रिसेप्टरवर काम करून ते नॉरॲड्रिनलिनचा स्राव कमी करते. शरीराला जागे आणि सावध ठेवणारे हे रसायन कमी पडले की जनावराला गुंगी येते.

पण फटाके, ढोल आणि मोटारसायकलींनी वाघ आधीच बिथरला असेल, तर त्याच्या अंगात नेमके हेच रसायन उसळलेले असते. मग गुंगी उशिरा चढते किंवा पुरती चढतच नाही. असा अर्धवट गुंगलेला वाघ पळतो तो आपल्याच धानाच्या बांधीत, आपल्याच पांदणीने. आडवा पडलेला वाघही गाढ झोपलेला समजू नका. आवाजाने किंवा स्पर्शाने तो एकाएकी उठू शकतो. या औषधाने शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्तीही कमी होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला तातडीने सावली आणि पाणी लागते, आणि गर्दीतून पथकाची गाडीच पुढे सरकत नाही.

१३ माणसांचा बळी घेणारा सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात बेशुद्ध करूनच पकडला गेला. म्हणजे हा मार्ग चालतो, फक्त त्याला शांतता लागते.

दुसरी गोष्ट नेम चुकलेल्या डार्टची. रंगीत झुपक्याची ही सुई गवतात हरवू शकते. तिच्यात औषध दाबाखाली भरलेले असते. उचलताना ते अंगात शिरू शकते किंवा डोळ्यांत उडू शकते. गाईबैलांना तर झायलाझिन घोड्याच्या मानाने फार थोड्या मात्रेतच भारी पडते, म्हणून तिथे गुरे सोडू नका. डार्ट दिसला तर हात न लावता जागेवर खूण करा, मुलांना लांब ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर कळवा.

कोणाला सुई लागलीच, तर जखम तोंडाने चोखू नका. भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत औषध गेले असेल तर डोळे पाण्याखाली धरा. त्या माणसाला चालवू नका. कुशीवर निजवा, श्वासावर लक्ष ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा. झोप आलीय, उठेल थोड्या वेळाने, असे म्हणून वाट पाहू नका. नाडी मंदावते, श्वास कमी होतो. वाघाला उठवायला योहिम्बिन किंवा ॲटिपामेझोल देतात, पण माणसासाठी मान्यता असलेला असा उतारा नाही. रुग्णालयात ऑक्सिजन, सलाईन आणि सतत देखरेख हाच उपचार. डार्टमध्ये काय होते ते पथकाला विचारा आणि औषधांची नावे डॉक्टरांना पोहोचताक्षणी सांगा.