आज रात्री ठीक साडेनऊ वाजता

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी दरवर्षी एका खटल्याची सुनावणी होते. आरोपी मी. मुद्देमाल म्हणजे पलंगाखाली ठेवलेल्या कागदाच्या चाळीसएक सुरळ्या. फिर्यादी कोण, हे विवाहित वाचकांस सांगावयास नकोच.

“अहो, यांचे यंदा तरी काही करा. एवढ्या जागेत फराळाचे चार डबे राहिले असते!”

या सुरळ्या संगीत नाटकांच्या जाहिरातींच्या आहेत. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी जमवतो. मी मराठीचा प्राध्यापक पडलो. नाण्यांशी माझा संबंध महिन्याच्या एक तारखेपुरता. तेव्हा मी जाहिराती जमवतो. त्यातही माझा एक नेम आहे. जाहिरात अस्सल हवी; म्हणजे त्या प्रयोगासाठी छापलेली, भिंतीवर लागलेली किंवा हातोहात वाटलेली. मागाहून शोभेसाठी छापलेली प्रत मला चालत नाही. पाठीला मैद्याची वाळलेली खळ असेल तर मी तो कागद नाकाशी धरतो. त्यावेळी सौभाग्यवती दुसरीकडे पाहते.

हे वेड मी एकट्यानेच लावून घेतलेले नाही. ऑपेरा हा युरोपचा संगीत नाटकाचा प्रकार. तिकडे मिलान शहरी रिकोर्डी नावाची पेढी ऑपेराची स्वरलिपीही छापी आणि त्याची रंगीत भित्तिपत्रकेही छापी. १८९६च्या ‘ला बोएम’साठी आणि १९०० साली रंगभूमीवर आलेल्या ‘तोस्का’साठी होहेनस्टाइन या चित्रकाराने केलेली पत्रके आज संग्रहालयांत मानाने टांगलेली आहेत. पॅरिसचे शौकीन तर ओला स्पंज घेऊन रात्री हिंडत आणि नुकतीच लागलेली पत्रके भिंतीवरून अलगद सोडवीत, असे सांगतात. हे मी घरी सांगितले. त्यावर, “तुम्ही तेवढे करू नका,” एवढाच अभिप्राय मिळाला.

आपल्याकडे चित्रापेक्षा अक्षरावर भिस्त होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, म्हणजे ऐन दिवाळीच्या दिवसांत रंगभूमीवर आले, आणि पुढली पन्नास वर्षे मराठी माणूस नाटकाच्या गाण्यांनी भारून गेला. त्या काळातल्या हस्तपत्रकाचा थाट साधा असे. पातळ गुलाबी नाहीतर पिवळा कागद, मोठ्या मथळ्यासाठी लाकडी ठसे, बाकी मजकुराला शिशाचे खिळे. वर मंडळीचे नाव, मग नाटकाचे, खाली वार, तारीख, तिथी, वेळ आणि दर. पुढे वर्तमानपत्रांतील जाहिरातींचे दिवस आले आणि कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षररचनाकाराने नाटकाच्या नावालाच चेहरा दिला. ‘मत्स्यगंधा’ हे नाव कित्येकांना आधी डोळ्यांनी आठवते आणि मग कानांनी.

आजची तऱ्हा निराळी. २०१७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत देवबाभळी’चे एक पोस्टर माझ्याकडे आहे, ते कागदी असल्यामुळे मी स्वतःला भाग्यवान समजतो. एरवी आता जाहिरात मोबाइलवर येते. एकच चित्र हजारजणांना जाते, त्यातले अस्सल कोणते म्हणावे? उरतो तो फ्लेक्स. पारोळ्याच्या अलीकडे एका शेतात संगीत नाटकाचा एक भला थोरला फ्लेक्स मला कडब्याच्या गंजीवर आढळला. मी एसटीतून उतरून विनवणी केली. शेतकरीदादा शांतपणे म्हणाले, “मास्तर, लई जा. पन पानी उनं तं कडबा कसाघाई झाकसू?” या प्रश्नाला माझ्या एम. ए. च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते. पुढल्या खेपेस मी जळगावहून ताडपत्री घेऊन गेलो आणि अदलाबदल केली. ताडपत्रीची किंमत घरी अजून सांगितलेली नाही.

जळगावात राहून हा नाद लागावा यात नवल नाही. बालगंधर्वांचे बालपणातले काही दिवस याच गावात गेले आणि मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांना गाण्याची तालीम मिळाली ती इथेच. त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह गावात आहे. त्यावरून जाताना मला दरवेळी एकच तारीख आठवते. १२ मार्च १९११. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. जाहिराती लागलेल्या, तिकिटे गेलेली आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग मात्र झाला. भामिनी उभी राहिली आणि गायली.

जाहिरात म्हणजे भिंतीवर चिकटवलेला शब्द आहे, असे मी वर्गात ही हकीकत सांगताना म्हणत असे. दिलेला शब्द कलावंत पाळतो. मुले गप्प होत. मलाही माझे वाक्य आवडे.

मागल्या वर्षापासून मात्र ते वाक्य माझ्या तोंडून नीट उमटत नाही. त्याचे कारण धुळ्यास सापडले.

धुळे हे कागदवेड्यांचे तीर्थक्षेत्र. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत. १९२६च्या अखेरीस ते धुळ्यात वारले आणि दुसऱ्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. मी मंडळातून बाहेर पडलो तेव्हा एका परिचिताने सांगितले, की गावातला एक जुना छापखाना मोडीत निघतो आहे. मी धावलो. खिळे वजनावर गेले होते. भिंतीवर मात्र एक वाकडी तार शिल्लक होती. छापखान्यात प्रत्येक कामाची एक प्रत हिशेबासाठी अशा तारेत ओवून ठेवीत. मालक म्हणाले, “रद्दीच आहे. तुम्हाला हवी तर न्या.”

जळगावला येऊन मी तार उकलली. लग्नपत्रिका, सहकारी सोसायटीच्या सभेची सूचना, तमाशाची जाहिरात आणि मग एक पिवळे हस्तपत्रक. ‘संगीत सौभद्र’. धुळ्याच्याच हौशी मंडळींचा प्रयोग. शनिवार, ता. ८ डिसेंबर, मार्गशीर्ष पौर्णिमा, रात्री ठीक साडेनऊ वाजता. वर्ष नाही, ते हस्तपत्रकावर बहुधा नसतेच, कारण छापणाऱ्याला पुढल्या आठवड्याची काळजी असते, माझ्यासारख्याची नसते. अशा वेळी वार आणि तिथी यांचा मेळ घालावा लागतो. ८ डिसेंबरला शनिवार १९७३, १९७९, १९८४ आणि १९९० साली आला होता. पण त्या दिवशी पौर्णिमा एकाच वर्षी होती. १९८४.

एवढे करून मी पात्रपरिचय वाचला. ‘नारद’ या शब्दापुढे आमच्या नानांचे नाव होते.

नाना जिल्हा परिषदेत कारकून होते. ते न्हाणीघरात गुणगुणत, एवढेच मला ठाऊक. ते कधी तोंडाला रंग लावून उभे राहिले असतील हे माझ्या स्वप्नातही नव्हते. पत्रक उलटून पाहिले. पाठीवर लाल पेन्सिलीने लिहिले होते, ‘रोख मिळाले, हस्ते’ आणि पुढे पुन्हा नानांचे नाव.

मी आईला विचारले. ती चिवड्याचे पोहे निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “तो प्रयोग झालाच नाही. तू चार वर्षांचा होतास. दुपारपासून तापाने फणफणला होतास, संध्याकाळी झटके आले. मंडळी दारात टांगा घेऊन उभी. हे बाहेर गेले, हात जोडले आणि तुला उचलून दवाखान्यात घेऊन आले. मंडळी फार रागावली. पुन्हा कोणी यांना बोलावले नाही.”

“आणि नानांनी?”

“त्यांनी विचारलेही नाही.”

म्हणजे मी जो शब्द पाळल्याची गोष्ट वर्षानुवर्षे वर्गात सांगत होतो, तो शब्द माझ्यासाठी मोडणारा माणूस माझ्याच घरात, माझ्याच पुस्तकांच्या कपाटाला टेकून रोज वर्तमानपत्र वाचत बसला होता. बालगंधर्व थोर होते यात मला आजही शंका नाही. पण त्या थोरवीचे वाक्य करून मी टाळ्या घेत होतो तेव्हा मी जिवंत होतो तो एका न झालेल्या प्रयोगामुळे.

संध्याकाळी मी पत्रक नानांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, कागद दिव्याकडे धरून सावकाश वाचला. मी काही ऐकण्याच्या तयारीत बसलो होतो.

“आडनावातला ऱ्हस्व चुकवलाय,” ते म्हणाले. “तेव्हाही सांगितले होते.”

थोड्या वेळाने पत्रक उलटून लाल पेन्सिलीवरून त्यांनी बोट फिरवले.

“प्रेक्षकांचे पैसे ज्याचे त्याला परत केले हं. एकाचेही बुडवले नाहीत. छपाईचे बिल मंडळी देईनात. त्यांचे तरी काय चुकले? मग मी भरले. दोन हप्त्यांत.”

त्यांनी पत्रक घडी न पाडता माझ्या हाती दिले आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडले.

माझ्या संग्रहात यापेक्षा जुने कागद आहेत, देखणेही आहेत. पण न झालेल्या प्रयोगाची जाहिरात ही एकच. ती भिंतीवर लागलेली नाही, तिला खळीचा वास नाही, म्हणजे माझ्याच नेमाप्रमाणे ती अस्सल ठरत नाही. नेम मी सोडून दिला.

यंदाच्या खटल्याचा निकालही लागला. परवा पलंगाखाली पाहतो तो सुरळ्या एका बाजूला नीट रचलेल्या आणि त्यांच्या शेजारी फराळाचे चार डबे. सौभाग्यवती म्हणाली, “राहते जागा. आधी मापून पाहिली नव्हती.”