प्रवेशासोबत खोलीही द्या

बाहेरगावच्या मुलाला शिक्षणाआधी छप्पर लागते, हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. पुढे इतर समाजांसाठीही. आज मात्र वसतिगृहाची यादी अनेकदा प्रवेशानंतर कितीतरी दिवसांनी लागते. तोवर लातूर-नांदेडहून पुण्यात आलेल्या मुलाच्या पालकांनी बाहेरच्या खोलीसाठी दलाली आणि अनामत भरलेली असते. पहिल्या वर्षी तरी आवारातलीच खोली घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्रंथालय जवळ, सोबतीही जवळ. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांनुसार नव्या विद्यार्थ्यांची सोय शक्यतो वेगळ्या इमारतीत हवी. तशी ती आहे का, हे पालकांनी बेधडक विचारावे; मेसमध्ये एकदा जेवूनही पाहावे. महाविद्यालयांनी प्रवेश निश्चित होतानाच खोलीचा निर्णय कळवावा.